राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं पाणी

सवास्तीत्साने आजवर एकवीस जणांचं पाणी वाहिलं होतं, पण त्यांतला एकही जण स्वतः सांगायला आला नव्हता. मेलेली माणसं सांगायला येत नाहीत. बाविसावा आला तो काळ्या मोटारीतून. पुढे सरपंच सोरिनेल, मागे सरकारी अंगरक्षक, आणि मध्ये काठी टेकत तो.

ऑगस्ट सरत आला होता. अंगणात आलुबुखारांचा खच पडला होता आणि सवास्तीत्सा ओणवी होऊन ती पिंपात टाकत होती. दारूची भट्टी लागायला अजून दोन महिने होते, पण फळ थांबत नाही.

"मावशी, बघ तरी कोण आलंय," सोरिनेल फाटकातूनच म्हणाला. फाटक नुसतं लोटलेलं होतं. त्याला कडी होती, पण चौतीस वर्षांत ती कोणी लावली नव्हती.

तिने मान वर केली. वालेरियान मोगोशानू. याच गावचा, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्याचा मुलगा. देशाने दोनदा निवडून दिलेला आणि तिसऱ्यांदा पाडलेला राष्ट्राध्यक्ष. टीव्हीवर उंच दिसायचा. इथे आलुबुखारांच्या झाडाखाली तो वाळत घातलेल्या कोटासारखा दिसत होता.

"बस बस, उठू नकोस," तो म्हणाला.

"उठत नाहीच आहे, साहेब. पाठ धरलीय."

सोरिनेल मोठ्याने हसला. एकटाच.

मग मोगोशानूने काम सांगितलं. ऑक्टोबरात तो गावजेवण घालणार होता. स्वतःच्या मरणाचं, जिवंतपणीच. तशी चाल आहे त्या मुलखात. ज्याचा आपल्या मागच्यांवर भरवसा नाही, तो आपल्या हाताने ताटं वाढतो, आपल्या हाताने कपडे, भांडी, मेणबत्त्या वाटतो, म्हणजे वर गेल्यावर काही कमी पडत नाही. सगळं ठरलं होतं. मेंढे सांगून झाले होते, कोबीची पानं पिंपात मुरायला घातली होती, पाद्री तयार होता. राहिलं होतं ते पाणी.

"मुलगी व्हिएन्नात असते," तो म्हणाला. "ती फुलं पाठवील. फुलं पिता येत नाहीत, सवास्तीत्सा."

"दुसऱ्या बायका आहेत गावात."

"शब्द तुला येतात. बाकीच्या नुसत्या बादल्या उचलतात."

ते खरं होतं. पाणी वाहायचं म्हणजे चव्वेचाळीस दिवस, रोज पहाटे झऱ्यावरून एक बादली गावातल्या कुठल्या तरी घरी न्यायची. घरच्या बाईने 'पोचो' म्हणून ती उतरवून घ्यायची. मग हेझल झुडपाच्या काठीवर सुरीने एक खाच. चव्वेचाळीस खाचा झाल्या की गिलोर्त नदीवर जायचं, अर्ध्या भोपळ्यात मेणबत्ती लावून ती पाण्यावर सोडायची आणि माणसांच्या देखत नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचं पाणी. एकदा नाव घेतलं की ते कोणाला फिरवता येत नाही.

"जिवंत माणसाचं पाणी त्याने स्वतःच्या तोंडाने मागावं लागतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी परस्पर वाहिलं, तर ते त्याचं मरण बोलावणं असतं. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून तर मोटारीतून उतरून आलो. माझ्या तोंडाने मागतोय. माझं पाणी वाह."

"मावशी, तू सांगशील ती रक्कम," सोरिनेल मध्येच म्हणाला.

सवास्तीत्साने हातातलं फळ पिंपात टाकलं, कमरेच्या एप्रनला बोटं पुसली.

"पैसे नकोत. नदीवर, शेवटच्या दिवशी, मी नाव घ्यायच्या आधी, साहेबांनी मला एक गोष्ट सांगायची. सगळ्यांच्या देखत. माझा इलारिए मेलाय की जिवंत आहे. ती फाईल तुमच्या हातात होती, साहेब. तुम्ही तिला कुलूप लावलंत."

अंगरक्षकाने दुसरीकडे पाहिलं. मोगोशानूने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग तो म्हणाला, "शब्द देतो."

मोटार गेल्यावर शेजारची फ्रुसिना कुंपणावरून डोकावली. तिने सगळं ऐकलं होतं. फ्रुसिनाचं कुंपण म्हणजे तिचा कानच.

"त्याचा शब्द घेतलास? अगं, त्याच्या शब्दावर आख्ख्या देशाने जेवणाची वाट पाहिली, अन् उपाशी झोपला."

"झोपला असेल."

"आणि तू त्याला पाणी पाजणार."

"मी इलारिएचं विचारणार," सवास्तीत्सा म्हणाली आणि पुन्हा ओणवी झाली.

*

इलारिए तिचा भाऊ, तिच्याहून पंधरा वर्षांनी धाकटा. आई शेतावर, म्हणून तो वाढला तो सवास्तीत्साच्या कडेवर. शहरात रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून शिकायला लागला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, आणि शनिवारी गावी आला की फाटकाशी कधी थांबायचा नाही. पायानेच ढकलून आत यायचा, हात खिशात. आई ओरडायची, अरे फाटक हाताने उघडतात का पायाने?

त्याच कारखान्याचा मोठा अभियंता मोगोशानू. पक्षाचा माणूस, पण लोक म्हणायचे, त्यातल्या त्यात बरा. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात राजधानीतून हुकूमशहा पळाला, तेव्हा मोगोशानू कारखान्याच्या पायऱ्यांवर चढला. डोक्यावर कामगाराची टोपी. म्हणाला, पोरांनो, आज देश तुमच्या हातात आहे, स्टेशन सांभाळा. अकरा पोरं, त्यांत इलारिए, दंडाला फडकी बांधून स्टेशनात जाऊन बसली. पलीकडून शिपाई आले. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं की स्टेशनात शत्रू दडलाय. कोणी सांगितलं, ते कधी कळलं नाही. उजाडल्यावर नऊ मढी सापडली. दोन नाहीत, त्यांतलं एक इलारिएचं.

त्या पायऱ्यांवरूनच मोगोशानू वर गेला. आधी शहर, मग राजधानी, मग सगळ्यांच्या वर. दरवर्षी डिसेंबरात तो स्टेशनाबाहेरच्या दगडावर फुलांचं चक्र ठेवायचा आणि म्हणायचा, सत्य बाहेर येईल. दुसऱ्या खेपेला निवडून आल्यावर त्याने सही केली, ती फाईल पन्नास वर्षं कोणी उघडायची नाही म्हणून.

आईला कागद आला होता : ठावठिकाणा नाही. दोन शब्दांचा कागद. पाद्री म्हणाला, मेल्याचा कागद आण, प्रार्थना म्हणतो. आई म्हणाली, मेला म्हणून कोण म्हणतंय? तिने पाणी वाहू दिलं नाही. पोर कुठे तरी जिवंत असेल, इस्पितळात, तुरुंगात, परक्या देशात, आणि इथे आपण बादली उचलली तर तिथे तो पडायचा. तिने फाटकाची कडी काढली ती पुन्हा लावलीच नाही. पंधरा वर्षांनी ती मेली, तेव्हाही शेवटचं बोलली ते फाटकाबद्दलच. सवास्तीत्साने आईचं पाणी वाहिलं आणि कडी तशीच ठेवली.

एकवीस जणांना रडली ती. गावात मढ्यापाशी रडायला, गाऊन रडायला तिलाच बोलावत. मेलेल्याचं सगळं आयुष्य ती ओळींत बांधायची, त्याचं दारू पिणंसुद्धा. लोक म्हणत, सवास्तीत्सा रडते तेव्हा मेलेला लाजतो. पण भावासाठी एक ओळ तिने केली नव्हती. ओळ केली की तो मेला.

*

पहिल्या पहाटे झऱ्यावर धुकं होतं. बादली भरताना तिने नेहमीचं म्हटलं, हळू, ओठांतल्या ओठांत :

नदीबाई, नदीबाई, तुझं पाणी किती लांब,
पोचेस्तोवर तहानेल्या, जरा वाटेत तू थांब.

तहानेल्याचं नाव या ओळीत नसतं. नाव शेवटी.

रोज बादली देऊन परत येताना तिला मोगोशानूच्या घरावरून जावं लागे. बापाचं दोन खोल्यांचं घर त्याने मोठं बांधून घेतलं होतं, पण ओसरी तीच ठेवली होती. तिथे तो खुर्चीत बसलेला असे, गुडघ्यांवर कांबळं. तिने काठी दाखवायची, त्याने खाच बोटाने चाचपायची. मग तो बोलायला लागे. बोलायची सवय सुटत नाही माणसाची, ऐकणारे सुटले तरी.

"निवडून आल्यावर सहाव्या दिवशी राजवाड्यात गेलो," त्याने सहाव्या खाचेला सांगितलं. "पलंगावर झोपायची हिंमत झाली नाही. त्या पळालेल्याचा पलंग होता ना. वर्षभर कचेरीतल्या सोफ्यावर झोपलो."

"आणि मग?"

"मग पाठ दुखायला लागली."

दुसऱ्या एका दिवशी तो म्हणाला, "मी दुकानांपुढच्या पावाच्या रांगा संपवल्या. लोक विसरतात."

"नाही विसरत, साहेब. आता पाव आहे. खाणारी पोरं इटलीत आहेत."

तो हसला. त्याला अशी टोचणी आवडत असावी. राजधानीत कोणी टोचत नाही. त्याने सांगितलं की पहिल्या निवडणुकीत आजारी म्हाताऱ्या त्याच्या तसबिरीला मुके द्यायच्या. आणि पडला त्या रात्री फोन करणारा एकच निघाला, त्याचा न्हावी. परदेशातल्या एका राणीने त्याला चहा ओतून दिला होता, आणि त्याच आठवड्यात शहरातला रेल्वेचा कारखाना त्याने एका परदेशी माणसाला विकला होता. त्या माणसाने यंत्रं भंगारात घातली.

"पायऱ्या राहिल्यात अजून," सवास्तीत्सा म्हणाली.

"कसल्या पायऱ्या?"

"ज्यांच्यावर तुम्ही चढला होतात."

त्याने कांबळं छातीपर्यंत ओढून घेतलं.

फ्रुसिनाच्या घरी बादली नेली तो अठ्ठाविसावा दिवस. फ्रुसिनाने बादली उतरवून घेतली खरी, पण 'पोचो' म्हणायला वेळ लावला.

"कोणाला पोचो?" ती म्हणाली. "तू सांग, म्हणजे मी म्हणते."

"तुला माहीत आहे कोणाला."

"मला माहीत आहे की नाव तुझ्या तोंडात आहे. त्या दिवशी कोणाचं घ्यायचं ते तुझ्या हातात. इतकी वर्षं तो पोरगा कोरड्या घशाने..."

"फ्रुसिना." सवास्तीत्साचा आवाज चढला नाही, पण फ्रुसिना थांबली. "पाण्यात खोटेपणा करत नाहीत. आणि तो मेलाय असं तुला कोणी सांगितलं?"

फ्रुसिनाने तिच्याकडे पाहिलं. त्रेपन्न वर्षांचा झाला असता तो. केस गेले असते. फ्रुसिना त्याच्या वयाची. एका उन्हाळ्यात तो तिच्याच कुंपणापाशी जरा जास्त रेंगाळला होता.

"पोचो," फ्रुसिना म्हणाली आणि बादली आत नेली.

*

एकेचाळिसाव्या दिवशी मोगोशानूने स्वप्न सांगितलं.

"आई येते. रिकामी बादली घेऊन. बादली उलटी धरते अन् मला दाखवते, बघ. बोलत नाही." त्याचे ओठ कोरडे होते, तो त्यांवरून जीभ फिरवत होता. "ती गेली तेव्हा मी पक्षात होतो. पाद्री नको म्हटलं, पाणी नको म्हटलं. कारखान्याचा बँड आणला. बँड वाजवला तिच्या मढ्यापुढे. आता वर गेलो तर ती विचारील, माझं पाणी कुठाय?"

सवास्तीत्सा काठीवरची खाच चाचपत उभी राहिली. त्याला जे ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. चाळीसएक वर्षांपूर्वीच्या त्या वसंतात तिची आई रोज पहाटे अंधार असताना उठायची आणि बादली गोधडीत गुंडाळून न्यायची, कोणी पाहू नये म्हणून. पक्षाच्या माणसाच्या आईचं पाणी वाहणं तेव्हा सोपं नव्हतं. चव्वेचाळीस दिवस. नदीवर दोघीच गेल्या होत्या, माय आणि लेक, आणि साक्षीला एक वासरू.

तिच्या जिभेवर आलं होतं. पण ती म्हणाली, "तीन दिवस राहिले, साहेब. तुमचा शब्द लक्षात आहे ना?"

"शब्द?" तो म्हणाला. मग, "हो हो. आहे ना. अर्थात."

तो 'अर्थात' तिला घरापर्यंत पुरला. टीव्हीवर तो असाच म्हणायचा.

*

जेवणाचा दिवस रविवारचा. गिलोर्तच्या काठी तंबू ठोकले होते, लांबच लांब टेबलं मांडली होती, कढयांत कोबीच्या पानांतले खिम्याचे गोळे रटरटत होते, आणि मधल्या टेबलावर उकडलेल्या गव्हाच्या गोड प्रसादावर साखरेने क्रूस काढला होता. राजधानीतून मोटारी आल्या होत्या. काळे कोट, पातळ तळाचे बूट. चिखलात ते बूट कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. एक टीव्हीवालाही होता. गावातले लोक बाजूने उभे होते, टोप्या हातात घेऊन.

पहाटे शेवटची खेप पोचवून आणलेली बादली सवास्तीत्साने पाण्याच्या कडेला ठेवली. काठी बाहेर काढली, मोठ्याने खाचा मोजल्या. चव्वेचाळीस. पाद्रीबाबाने मान डोलावली. तिने भोपळ्याच्या कवटीत मेणबत्ती उभी केली, लावली, आणि हात पाण्यावर धरून थांबली.

"साहेब," ती म्हणाली, "आधी तुमचं."

मोगोशानूची खुर्ची अगदी काठापर्यंत आणली होती. तो उठला. सोरिनेलने ध्वनिक्षेपक पुढे केला. तो हातात येताच म्हातारा सरळ झाला. पाठीला जणू कोणी काठी लावली.

"माझ्या गावकऱ्यांनो," त्याने सुरुवात केली. "इतिहास फार गुंतागुंतीचा असतो. त्या कठीण दिवसांत आपण सगळ्यांनीच काही ना काही गमावलं..."

काळ्या कोटांनी माना हलवल्या.

"साहेब," सवास्तीत्सा म्हणाली. "ते खाली ठेवा. मेला की जिवंत?"

म्हाताऱ्याने ध्वनिक्षेपक खाली केला. त्याचा चेहरा सैल पडला. गालांखाली इतकी वर्षं कोणी धरून ठेवलेली गाठ सुटावी तसा.

"सवास्तीत्सा," तो म्हणाला, नुसत्या आवाजात, घंटावाल्याच्या पोराच्या आवाजात. "मला माहीत नाही."

"फाईलमध्ये काय होतं?"

"मी वाचली नाही."

तिने मेणबत्तीला हाताचा आडोसा धरला.

"एका सकाळी गठ्ठा आणला. शंभर एक फायली असतील. बाहेर कोणा देशाचा मंत्री बसला होता. म्हणाले, या बंद केलेल्या बऱ्या. मी सह्या केल्या. त्यात स्टेशनची होती, हे मला नंतर वर्तमानपत्रात कळलं." त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "तुला वाटलं असेल, मी काही लपवतोय. माझ्यापाशी लपवायलासुद्धा काही नाही."

खोटं बोलताना तो कसा दिसतो ते सगळ्या देशाला पाठ होतं. आता तो तसा दिसत नव्हता. सवास्तीत्साला कळलं की हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलतोय, आणि ते खरं तिच्या काहीही कामाचं नाही. चौतीस वर्षं ती एका कुलपाकडे बघत बसली होती. आईने त्या कुलपाकडे बघत डोळे मिटले. पेटी उघडली, तर आत कोणी डोकावलेलंसुद्धा नव्हतं.

म्हणजे आता कोणी सांगणार नाही. वर नाही, खाली नाही. सांगायचं तर तिनेच.

"तुमच्या आईला पाणी पोचलंय, साहेब," ती म्हणाली. "माझ्या आईने वाहिलं. चोरून, चव्वेचाळीस दिवस. मी नदीवर होते. तिच्या हातातली बादली रिकामी नाही. तुमचं स्वप्न खोटं आहे."

म्हाताऱ्याने खुर्चीची पाठ धरली.

"माझ्या आईने तुमच्या आईला नदीभर पाणी पोचवलं. तुम्ही माझ्या आईला एक ओळ पोचवली नाहीत."

ती वाकली. गुडघे चिखलात टेकले. भोपळा पाण्यावर ठेवला, पण सोडला नाही. बोटांत धरून ठेवला. आणि तिच्या तोंडून, जी ओळ चौतीस वर्षं तिने होऊ दिली नव्हती ती निघाली. आवाज फाटका होता. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी वापरलेला.

नव्हती हाती मेणबत्ती, नव्हती उशाला माय,
अंधाराच्या वाटेवर, कसे सापडले पाय.

मग तिने मान वर केली.

"सूर्या, साक्षी राहा. नदीबाई, साक्षी राहा. आलेल्या माणसांनो, तुम्हीही राहा. चव्वेचाळीस बादल्या मी वाहिल्या. हे पाणी इलारिएचं. माझ्या भावाचं."

तिने बोटं सोडली. भोपळा जरा डगमगला, लव्हाळ्याला अडला, गोल फिरला आणि धारेला लागला.

कोणी हललं नाही. 'पोचो' म्हणायचं ते साक्षीदारांनी; ते म्हटल्याशिवाय पूर्ण होत नाही. फ्रुसिना सगळ्यात मागे होती. ती पुढे येत येत म्हणाली, "पोचो." मग झऱ्याजवळच्या घरातला एक म्हातारा म्हणाला. मग एकेक करत गाव. पाद्रीबाबा खाली पाहत होता. त्यानेही म्हटलं, दाढीत.

"आणि माझं?" मोगोशानूने विचारलं. अगदी हळू. रांगेत शेवटी उभा राहून, दुकान बंद होताना माणूस विचारतो तसं.

सवास्तीत्सा उठली. एप्रन झाडला.

"तुम्ही तुमच्या तोंडाने मागितलंत. मी माझ्या तोंडाने दिलं नाही. झऱ्यावर पाणी आहे, साहेब. बादली इथेच ठेवते."

*

सोरिनेल सरपंच असा उगाच झाला नव्हता. टीव्हीवाल्याचा कॅमेरा चालू होता, काळे कोट एकमेकांकडे बघत होते. त्याने टेबलावरची मिनरल वॉटरची प्लास्टिकची बाटली उचलली, झाकण फिरवलं, आणि काठाशी जाऊन ओतायला लागला. बाटलीतून पाणी गुडगुड करत पडलं.

"मावशीचं वय झालंय, जरा भावनेच्या भरात... असो. पाणी ते पाणी," तो म्हणाला. "हे आमच्या लाडक्या राष्ट्राध्यक्षांचं."

राजधानीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच विधी.

मोगोशानू त्या बाटलीकडे बघत राहिला. गावातलं पोर होता तो. खाचा कशा मोजतात ते त्याला ठाऊक होतं. बाटली रिकामी झाली, सोरिनेलने ती उलटी धरून झटकली. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

गावातून 'पोचो' कोणी म्हटलं नाही. पण जेवायला सगळे बसले. कोबीचे गोळे होते, दारू होती, प्रत्येकाला नवा टॉवेल आणि मेणबत्ती मिळणार होती. ज्या तोंडांनी इलारिएला पोचवलं, त्याच तोंडांनी मोगोशानूचं खाल्लं. खाणं खाण्याच्या जागी. सवास्तीत्साने कोणाला दोष दिला नाही. फ्रुसिनाही बसली होती. तिने नुसती ताटली पुढ्यात ठेवली होती.

सवास्तीत्सा एकटी घरी आली. भर दुपार होती. आलुबुखारांच्या पिंपावर माश्या घोंगावत होत्या. नदीवरून ध्वनिक्षेपकाचा आवाज येत होता, म्हाताऱ्याने पुन्हा हातात घेतला होता तो : "...आपल्या सगळ्यांचं उद्याचं..." वाऱ्याने पुढचं नेलं.

ती फाटकापाशी थांबली. बाहेरच्या रस्त्याकडे एकदा पाहिलं, जसं रोज पाहायची. मग फाटक आतून लोटलं आणि कडीला हात घातला. कडी गंजून खांबाला चिकटली होती. हलेना. तिने पिंपाखालचा दगड काढला. एक घाव, दुसरा. गंजाचा भुगा तिच्या मनगटावर पडला. तिसऱ्या घावाला कडी सुटली, फिरली, आणि कोयंड्यात जाऊन बसली.

ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने तिचा हात आपोआप वर गेला, कडी काढायला. चौतीस वर्षांची सवय. तिने तो हात दुसऱ्या हाताने धरला, खाली आणला, आणि एप्रनखाली ठेवला.